सोम, मंगळ, बुध

माझा विषय काय, असं कुणी विचारलं की पूर्वी मी उत्साहानं सांगायला लागायचो. ऑप्टिमायझेशन. म्हणजे असं बघा, दहा गावं आहेत, एक ट्रक आहे, कमीत कमी फिरून सगळीकडे माल पोचवायचा आहे, तर आधी कुठं जायचं आणि मग कुठं. किंवा एखाद्या इस्पितळात शंभर नर्सेस आहेत, तीन पाळ्या आहेत, तर तक्ता कसा लावायचा. हे मी संगणकाकडून सोडवून घेतो. ऐकणारा मान डोलावतो आणि म्हणतो, "वा! म्हणजे कॉम्प्युटरवाले तुम्ही. आमच्या प्रिंटरचं जरा बघता का?" तीस वर्षं हेच चाललंय. आता मी नुसतं सांगतो की कॉम्प्युटर शिकवतो, आणि प्रिंटरचं बघत नाही हेही त्याच दमात सांगून टाकतो.

जन्म काशीतला, रामघाटावरचा. वडील वैदिक. घरात मराठी, गल्लीत हिंदी, वडिलांच्या तोंडी दिवसभर संस्कृत. मी गणिताच्या मागे लागलो. इंजिनिअरिंग, दक्षिणेत पीएच.डी., दोन वर्षं परदेशातल्या एका थंडगार गावात, आणि मग पुन्हा इथं, विद्यापीठात. सगळे म्हणाले, परत कशाला आलास? मी म्हटलं, आईवडील आहेत. दहा वर्षांत ते दोघेही गेले. रामघाटाचं घर भाड्याचं होतं, ते सोडलं. धाकटा भाऊ पुण्यात आहे, त्याची मुलं माझ्याशी फोनवर दोन वाक्यं बोलतात आणि फोन बापाकडे देतात. लग्न राहून गेलं. का राहिलं ते विचारू नका, मी दर वेळी वेगळं कारण सांगतो.

राहतो विद्यापीठाच्या आवारात, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. पीएच.डी.ची मुलं चार-पाच वर्षं घरच्यासारखी असतात, मग बंगळूरला जातात आणि दिवाळीला मेसेज पाठवतात, तोही कुणाचा तरी पुढे पाठवलेला. आमच्या विभागात आता सगळे मशीन लर्निंग करतात. माझ्या बाजूच्या तिन्ही खोल्यांतले लोक नव्या इमारतीत गेले आणि मला म्हणाले, "सर, तुम्हाला इथं शांतता मिळेल." मिळाली की! इतकी मिळाली की शिपाई पाण्याचा जग ठेवायला आला तरी मी त्याला हवापाण्याचं विचारतो. माझे पेपर जगात फार तर दहा-अकरा माणसं वाचत असतील, आणि त्यातला एक जण माझ्या चुका शोधण्यासाठी वाचतो. त्याचा मला राग येत नाही. तो निदान वाचतो.

मराठीत मनापासून बोलायला एकच माणूस उरलं होतं. आमच्या बाई.

बाईंनी मला सहावीपासून गणित शिकवलं. शाळेत नव्हे. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, आणि संध्याकाळी गल्लीतली आम्ही पाच-सहा मराठी पोरं त्यांच्या घरी जाऊन बसायचो. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आहे, तिसऱ्या मजल्यावर. गल्लीतून उतरत जायचं, मग एका अंधाऱ्या जिन्यानं पुन्हा चढायचं. त्या एकट्याच राहत. तेव्हाही एकट्या आणि आता चौऱ्याऐंशीव्या वर्षीही एकट्या. गुडघे गेल्यापासून खाली उतरणं बंद. सज्जाला माकडांसाठी लोखंडी जाळी, जाळीला एक खिडकी, खिडकीतून दोरी लावलेली टोपली. भाजी, दूध, वर्तमानपत्र, सगळं त्या टोपलीतून वर यायचं.

दर रविवारी सकाळी मी जायचो. विद्यापीठाबाहेरच्या लंका नावाच्या चौकातून टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, गोदौलियाच्या अलीकडे जाम, मग उतरून चालत. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि बसायचो तासभर. आत गेल्या गेल्या बाई म्हणायच्या, "आलास? वाळलास रे." मी काही वाळलेलो नव्हतो, उलट शर्टाची बटणं ताणली जात होती. पण ऐकायला बरं वाटायचं. मग पोहे, मग चहा, मग त्या मला विचारायच्या, "सध्या काय सोडवतोयस?" आणि मी सांगायचो. खरंच सांगायचो, फळ्यावर सांगावं तसं. त्या मध्येच अडवायच्या. "थांब. हे कशावरून?" माझ्या विभागातल्या सेमिनारमध्ये कुणी मला असं अडवून पाच वर्षं झाली असतील. मी 'सब्जी' म्हटलं की त्या 'भाजी' म्हणायच्या आणि मी 'ताला' म्हटलं की 'कुलूप'. स्वतःचा जन्म इथलाच, महाराष्ट्रात एकूण चार वेळा गेलेल्या, पण तोरा असा की जणू काल सदाशिव पेठेतून आल्यात.

तर असं चाललं होतं. आणि मग मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं.

हे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, उत्साहाचा झरा. ते म्हणाले, "सर, आपल्या गल्ल्यांतून म्हातारी माणसं एकटी पडलीयत. मुलं बाहेर. संकठा घाट ते पंचगंगा, नऊ जण मोजलेत मी. कोणीतरी जाऊन बघितलं पाहिजे, दोन शब्द बोललं पाहिजे, औषध आहे-नाही विचारलं पाहिजे. मंडळातली बारा माणसं तयार आहेत. मी म्हणतो, वार लावू या."

वार लावणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. माझे वडील पाठशाळेत होते तेव्हा वार लावूनच जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरं. प्रत्येक घराला ठाऊक, आज अमक्याचा वार, पान वाढून ठेवायचं. काशीतल्या मराठी घरांनी अशी कित्येक माणसं पोसली. सेक्रेटरींच्या डोक्यात तेच होतं. प्रत्येक म्हाताऱ्याला सात वार, प्रत्येक वार एकानं घ्यायचा, जमलं नाही तर दोन-तीन वार तरी भरायचे.

आणि मी, विद्वान, काय म्हटलं? मी म्हटलं, "भावना ठीक आहे, पण यात फार चालणं फुकट जातं."

मी त्यांना कागदावर दाखवलं. एक ताई राहतात दूर शिवाला घाटाकडे आणि त्यांना संकठा घाटावरचं घर, दुसऱ्या राहतात चौक मोहल्ल्यात आणि त्यांना थेट पंचगंगेचं. जिने, चढण, उन्हाळा. लोक पंधरा दिवस येतील आणि मग कंटाळतील. ही तर माझीच समस्या! प्रत्येक माणसाला आठवड्यातून तीन भेटी मिळाल्या पाहिजेत ही अट, आणि एकूण चालणं आणि चढणं कमीत कमी हे उद्दिष्ट. सेक्रेटरींचे डोळे विस्फारले. "करा सर, करा! तुमच्यासारखा माणूस आपल्यात आहे आणि आम्ही वहीत रेघोट्या मारतोय."

तीस वर्षांत माझ्या विद्येचा माझ्या माणसांना उपयोग होण्याची ही पहिली वेळ. मी हरखून गेलो, खोटं कशाला बोलू. दोन रविवार गल्ल्यांतून हिंडून मी स्वतः पायऱ्या मोजल्या. कोण कधी कुठून कुठं जातं ते विचारून घेतलं. मग प्रोग्राम लिहिला. उत्तर आलं आणि मी खुर्चीत मागे टेकून हसलो. सगळ्यांना तीन-तीन भेटी, आणि चालणं सेक्रेटरींच्या वारांपेक्षा निम्म्याहून कमी. मंडळाच्या बैठकीत टाळ्या पडल्या. शाल सुद्धा मिळाली. मोबाइलवर प्रत्येकाला आपापला तक्ता, भेट झाली की बरोबरची खूण करायची.

त्या तक्त्यात माझं नाव नव्हतं. बारा जणांत तेरावा म्हणून मी मलाही घातलं होतं, पण मी सगळ्यांत लांबचा. प्रोग्रामनं मला एकही भेट दिली नाही. मला त्याचं हसू आलं, थोडा अभिमानही वाटला, की बघा, यंत्र मालकाचीही भीड धरत नाही. आणि मनात म्हटलं, बाईंना आता आठवड्यातून तीनदा माणूस येणार, माझी एक फेरी कमी झाली तर काय बिघडणार आहे? शिवाय मी त्याच तक्त्यावर पेपर लिहायला घेतला होता. रविवारची सकाळ लिहायला बरी. पहिल्या रविवारी बाईंना फोन केला, "बाई, आज नाही जमत." दुसऱ्या रविवारी मेसेज केला. तिसऱ्या रविवारी काहीच केलं नाही.

त्या रविवारांना मला कसंसं व्हायचं. टेबलाशी बसून मी एकच परिच्छेद चारदा लिहायचो. दुपारी मेसमधून डबा यायचा, तो उघडून मी उभ्या उभ्या जेवायचो. पण म्हटलं, कामात असतो माणूस तेव्हा असंच होतं.

दोन महिने गेले. पेपर पूर्ण झाला, एका परिषदेला पाठवला, आणि चक्क स्वीकारला गेला. त्याच आठवड्यात सेक्रेटरींचा फोन. माझं अभिनंदन करून झाल्यावर म्हणाले, "आणि हो सर, तुमच्या पंचगंगेच्या बाई चालल्या नागपूरला. भाच्याकडे. कायमच्या. येत्या शुक्रवारी निघणार. आपण एक छोटासा निरोपसमारंभ ठेवू या म्हणतो."

मी म्हटलं, "असं कसं?"

ते म्हणाले, "वय झालं सर. चालायचंच."

दुसऱ्या दिवशी विभागात जायचं होतं, गेलो नाही. सकाळी निघालो. जाममध्ये टोटोवाल्यावर विनाकारण खेकसलो. तो म्हणाला, "गुरुजी, हम का करीं?" खरंच होतं त्याचं. उतरलो आणि चालत सुटलो.

बाईंनी दार उघडलं. "आलास?" एवढंच म्हणाल्या. वाळलास म्हणाल्या नाहीत. वाळल्या होत्या त्या. कॉटवर एक ट्रंक उघडी होती, तीत पुस्तकं अर्धी भरलेली. मी विचारलं, "बाई, हे काय? मला सांगितलंसुद्धा नाहीत?"

"तू येशील तेव्हा सांगणार होते. तू आला नाहीस."

मी ट्रंकेतलं वरचं पुस्तक उचलून पुन्हा ठेवलं. मग म्हटलं, "पण मंडळाची माणसं येतात ना? तीन-तीनदा?"

"येतात की. एकच बाई येतात, चांगल्या आहेत बिचाऱ्या. सोमवारी येतात, मंगळवारी येतात, बुधवारी येतात. बुधवारी जाताना म्हणतात, 'बाई, या आठवड्याचं झालं हं.' मग गुरुवारपासून रविवारपर्यंत कुणी नाही."

सोम, मंगळ, बुध. मी ते वार बोटांवर मोजले. मी कॉटच्या कडेवर बसलो.

काय झालं होतं ते मला तिथल्या तिथे दिसलं. मंडळातल्या एक बाई सोमवार, मंगळवार आणि बुधवार जवळच एका घरी गाण्याच्या शिकवणीला यायच्या. त्यांच्या दृष्टीनं आमच्या बाईंचं घर वाटेवरचं, चालणं जवळजवळ नाहीच. मी प्रोग्रामला सांगितलं होतं, आठवड्यातून तीन भेटी. त्यानं तीन भेटी दिल्या. लागोपाठ देऊ नकोस, मधे अंतर ठेव, हे मी सांगितलंच नव्हतं. जे सांगितलं नाही ते यंत्र करत नाही, हे वाक्य मी पहिल्या वर्षाच्या पोरांना दर जुलैत फळ्यावर लिहून दाखवतो. नर्सेसच्या पाळ्यांत दोन रात्रींमध्ये किती दिवस हवेत याच्यावर माझे दोन पेपर आहेत. आणि म्हाताऱ्या माणसाच्या आठवड्याला मधे भोकं पडतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वार लावण्यात ते आपोआप होतं. सात घरं, सात निरनिराळे दिवस. माझ्या वडिलांना एक दिवस जेवायला मिळालं आणि चार दिवस नाही, असं कधी झालंच नसतं. ज्यांनी ती पद्धत बसवली त्यांनी अट लिहून ठेवली नव्हती, कारण लिहायची गरजच नव्हती. मी शहाणा निघालो आणि ती पद्धत मोडली.

"आणि पूर्वी जे येता-जाता डोकवायचे, ते?" मी विचारलं.

"ते थांबले," बाई म्हणाल्या. "समोरच्या घरातली सून यायची अधूनमधून, तिला वाटलं मंडळानं माणसं नेमलीत, आपण कशाला लुडबुड करा. मंडळातले रामघाटाचे एक गुरुजीही यायचे, भाचा इथं आला होता तेव्हा त्याला भेटले, म्हणाले, आमच्या फोनवर त्यांचं नाव येत नाही. असेल बाबा काहीतरी नियम."

मग मला हळूहळू बाकीचं कळलं. महिन्यापूर्वी एका गुरुवारी त्यांना ताप भरला. शुक्रवार, शनिवार उठवेना. दूधवाला खालून ओरडला, यांनी आतून 'हो' म्हटलं, त्यानं टोपलीत दूध ठेवलं. टोपली ओढायला यांना ताकद नव्हती. दूध माकडांनी सांडलं. रविवारी भाच्याचा फोन आला, आवाज ऐकून तो घाबरला, रात्रीच्या गाडीत बसला आणि सोमवारी इथं पोचला. मंडळाच्या बाईही सोमवारी वेळेवर पोचल्या. मोबाइलवर खूणही झाली बरोबर म्हणून. ती खूण मी पेपरातल्या तक्त्यात मोजली होती.

आणि त्या रविवारी मी काय करत होतो? निष्कर्ष लिहीत होतो.

बाईंना मी सगळं सांगितलं. लपवून काय करणार? त्यांनी गणित समजून घेतलं, अट काय होती, उद्दिष्ट काय होतं, दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "ताळा केला होतास?"

"केला होता, बाई. सगळ्या अटी पाळल्या जात होत्या."

"कागदावर. इथं येऊन बघितलंस?"

मी मान खाली घातली. सहावीत घालायचो तशीच.

"आणि तुझं नाव कुठंय त्यात?"

"मी लांब राहतो ना. प्रोग्रामनं मला काढलं."

बाई हसल्या. अगदी मनापासून, पदर तोंडाला लावून. "म्हणजे तूच तुला काढलंस आणि तूच तुझं ऐकलंस! अरे गाढवा!" त्या हसल्या म्हणून मला आणखीच भडभडून आलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "बाई, जाऊ नका. मी आजच्या आज तक्ता बदलतो. रोज कुणी ना कुणी येईल. मी स्वतः आठवड्यातून दोनदा येईन."

"का जाऊ नको?"

"आयुष्य गेलं तुमचं इथं. गंगा आहे. नागपूरला उन्हाळ्यात काय हाल होतात माहितीय का तुम्हाला? या वयात नवं घर, नवी माणसं..."

"ही सगळी माझ्या बाजूची कारणं झाली," बाई म्हणाल्या. "ती मी मोजलीत. तुझ्या बाजूचं काय ते सांग."

 सज्जाच्या जाळीवर एक माकडीण पिल्लाला घेऊन बसली होती, तिच्याकडे बघत राहिलो. आयुष्यात कुणाकडे काही मागायची वेळ मी येऊ दिलेली नाही, त्यामुळे ते कसं करतात हेच मला माहीत नव्हतं. शेवटी म्हणालो, "मला बोलायला कुणी नाही, बाई. तुम्ही गेलात की संपलं."

बाई माझ्याजवळ आल्या. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा मी, टक्कल पडलेला, आणि हमसून हमसून रडलो.

"हे आधी बोलायचं होतंस रे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, म्हातारीवर उपकार म्हणून येतोस. वाटायचं, याची कामं खोळंबत असतील, दीड तास येतो, दीड तास जातो. तू यायचा थांबलास तेव्हा म्हटलं, सुटला बिचारा." मग ट्रंकेकडे बघून म्हणाल्या, "आता भाच्याला शब्द दिलाय. तिकडे खोली रंगवून घेतलीय त्यानं. सूनबाईनं पडदे शिवलेत. नाही म्हणता येत नाही आता."

शुक्रवारी त्यांना खाली उतरवायला चार माणसं लागली. खुर्चीत बसवून उतरवलं. स्टेशनवर मंडळाचे दहा-बारा लोक आले होते, हार होता, फोटो झाले. मी सामान मोजत होतो, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. गाडी हलली तेव्हा बाई खिडकीतून म्हणाल्या, "वेळेवर जेवत जा." गर्दीत मला एवढंच ऐकू आलं.

त्यानंतर मी मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो आणि माझी चूक सांगितली. उभ्यानं, सविस्तर. मला वाटलं होतं लोक चिडतील. सेक्रेटरी म्हणाले, "अहो सर, मनाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, अट घालून नवा तक्ता करून आणलाय, बघा. ते जरा अवघडले. "राहू द्या आता. बायकांनी आपसात वार वाटून घेतलेत. वहीत लिहिलंय. ठीक चाललंय तसं." वही बघितली. रेघोट्याच होत्या, पण प्रत्येक म्हाताऱ्याच्या ओळीत सातही दिवस भरलेले.

पेपर मी मागे घेतला. परिषदेला कारण कळवलं, निष्कर्ष चुकीचा आहे म्हणून. दोन ओळींचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे, धन्यवाद. विभागात कुणाच्या लक्षातही आलं नाही. वाटलं होतं, कुणीतरी येऊन विचारेल, का हो, का मागे घेतलात? मी उत्तर तयार करून ठेवलं होतं.

आता रविवारी मी बाईंना फोन करतो. पहिले काही रविवार तासभर बोललो. त्यांनी भाच्याच्या नातवाला गणित शिकवायला घेतलंय, शेजारच्या दोन मुलीही येतात म्हणे. गच्चीवर सकाळी खुर्ची टाकून बसतात. गुडघ्यांना तिथल्या डॉक्टरचं औषध मानवलंय. परवा म्हणाल्या, "खरं सांगू का, इथं फार बरं वाटतंय रे. उगीच इतकी वर्षं हट्टानं राहिले मी तिकडे. घरात सारखं कुणी ना कुणी असतं." आणि मग जरा थांबून, "तुझी चूक झाली ते बरंच झालं म्हणायचं."

मी म्हटलं, हो बाई. मला खरंच आनंद झाला. 

मी त्यांना सांगायला घेतलं होतं, सध्या काय सोडवतोय ते. एक जुनीच समस्या आहे, नव्यानं बघतोय. मागून कुणीतरी हाक मारली, भांड्यांचा आवाज झाला, कुणीतरी खळखळून हसलं. "थांब हं," बाई म्हणाल्या, आणि तिकडे कुणाशी तरी काहीतरी बोलल्या. मग परत येऊन, "अरे, माणसं आलीयत घरात. ठेवू का? तुझं काही राहिलंय का सांगायचं?"

"नाही नाही, ठेवा तुम्ही," मी म्हटलं. "मलाही खूप कामं पडलीयत."

अकरा वाजले होते. मला दिवसभरात एकही काम नव्हतं.